सदाफुलीची पानं, बाटलीतला 'अर्क' आणि मावशीची केमो

निंबोणी

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही जरा चिडून.

मावशीला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. यंदा स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं, ऑपरेशन झालं, आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल ही केमो चालू आहे. परवा तिच्याकडे गेले तर औषधांच्या डब्यामागे तीन नव्या बाटल्या दिसल्या. एकीवर 'सदाफुली अर्क, साखर व गाठींसाठी'. दुसरी कर्क्युमिनची (हळदीतलं द्रव्य), 'पिपरीनयुक्त' (पिपरीन म्हणजे मिऱ्यातलं द्रव्य) असं ठळक अक्षरांत. तिसरीवर नुसतंच '१२ वनस्पतींचे घनसत्त्व' आणि एका हिरव्या पानाचं चित्र. कोणत्या १२, ते कुठेच नाही. "झाडपाल्याचंच आहे गं, त्यानं काय होतंय," इति मावशी. डॉक्टरांना सांगितलंस का? "नको, ते रागावतात."

झाडपाल्याशी माझं भांडण असण्याचं कारणच नाही, माझी एम.एस्सी. त्याच्याच जिवावर झाली. पण 'अर्क' हा शब्द लोक ज्या भाबडेपणाने वाचतात तो डोक्यात जातो. दोन वर्षं मी दुसरं काही केलं नाही म्हणून सांगते. वाळवलेल्या पानांची भरड कागदी नळकांड्यात भरायची, ते सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात ठेवायचं आणि खाली मेथॅनॉल उकळत ठेवायचं. वाफ वर जाते, गार होऊन पानांवर ठिबकते, आणि वरचं भांडं भरलं की गुडगुड करत सगळं एकदम खाली उतरतं. परत भरतं, परत उतरतं. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना काळपट हिरवं, संध्याकाळपर्यंत जवळजवळ बिनरंगी. मग मेथॅनॉल उडवून टाकलं की तळाशी डांबरासारखा चिकट गोळा राहतो, चमच्याला लागला की सुटता सुटत नाही. तो अर्क! त्यात हरितद्रव्य, मेण, साखरा, टॅनिन असा सगळा गाळ असतो आणि आपल्याला हवा तो रेणू असलाच तर औषधापुरता. मेथॅनॉलऐवजी पाणी घेतलं तर वेगळाच गोळा, हेक्झेन घेतलं तर तिसराच. तेच झाड, पण पानं दुसऱ्या मोसमात तोडली तरी आकडे बदलतात.

तर 'सदाफुली अर्क ५०० मिलिग्रॅम' हे वाचून मला काहीच कळत नाही, आणि मावशीला सगळं कळल्यासारखं वाटतं.

तुमच्या घरी कुणी केमोबरोबर किंवा मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर असं काही घेतलंय का? काय अनुभव? आणि तिला न दुखावता सांगायचं कसं? 'ऐकलंय' वाले फॉरवर्ड कृपया नकोत, ते मावशीकडे आहेत.

वाटसरू_२२

एवढ्या चिडू नका ताई. मी सहा वर्षांचा मधुमेही. जांभळाच्या बिया, मेथी आणि कारलं यांचं चूर्ण रोज सकाळी घ्यायला लागलो. एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.१ वरून ६.९ झालं, सहा महिन्यांत. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. आता याला काय म्हणणार? सगळंच थोतांड असतं असं नाही.

निंबोणी

वाटसरू, थोतांड कुठे म्हटलं मी? आकडा छानच आहे. सहा महिन्यांत वजन किती उतरलं?

वाटसरू_२२

७ किलो. पण मी चालायलाही लागलो होतो, रोज पाऊण तास.

(कळलं तुम्ही का विचारलंत ते. तरी चूर्णाचा काहीच हात नाही हे कसं ठरवणार?)

दगडफूल

ते एका माणसावर नाहीच ठरवता येत, हाच तर सगळा घोळ. पण सदाफुलीचं नाव निघालंय तर माझा आवडता किस्सा सांगूनच टाकतो. मधुमेह आणि कॅन्सर दोन्ही त्यात आहेत.

१९२१ साली इन्शुलिनवर काम करायला कॅनडातले डॉक्टर बँटिंग यांना मदतनीस हवा होता. चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल अशा दोन विद्यार्थ्यांनी म्हणे नाणं उडवून ठरवलं आधी कोण जाणार ते. बेस्ट जिंकले आणि इतिहासात गेले. नोबल राहिले. पुढे तीसेक वर्षांनी याच क्लार्क नोबलना जमैकातल्या एका रुग्णाकडून पाकीट आलं, आत सदाफुलीची पंचवीस पानं. तिकडे मधुमेहावर या पानांचा चहा करून पीत. क्लार्कनी ती धाकट्या भावाकडे, कॅनडातच संशोधन करणाऱ्या रॉबर्ट नोबलकडे सोपवली. रॉबर्टनी उंदरांना अर्क पाजला. साखर ढिम्म हलली नाही. मग टोचून दिला, तर उंदीर आठवड्याभरात पटापट मरायला लागले. शोध घेतल्यावर कळलं की मेले ते जंतुसंसर्गाने, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या होत्या.

दुसरा कुणी असता तर 'विषारी, मधुमेहावर निरुपयोगी' असा शेरा मारून मोकळा झाला असता. यांनी विचार केला की पांढऱ्या पेशी मारतंय, तर पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरमध्ये? चार्ल्स बीअर या रसायनशास्त्रज्ञाने त्यातून विनब्लास्टिन वेगळं काढलं, १९५८ मध्ये ते जाहीर झालं. तिकडे अमेरिकेत एली लिली कंपनीतही सदाफुलीवर स्वतंत्रपणे काम चालू होतं. त्यातून विनक्रिस्टिन आलं, १९६३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते आजही वापरतात.

आता मावशींच्या बाटलीकडे या. ज्या रोगासाठी पानं आली त्यावर त्या प्रयोगांत उपयोग दिसला नाही. ज्यावर दिसला त्यातलं विनक्रिस्टिन शिरेतून देतात, मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर नाही. २ मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे तीसेक कण. चुकून मणक्यातून गेलं तर माणूस दगावतो. आणि ग्रॅमभर विनब्लास्टिन काढायला साधारण ५०० किलो वाळकी पानं लागतात. कॅप्सूलमध्ये यातलं काही नसेल तर ती निरुपयोगी, आणि असेल तर मोजमाप नसलेली केमो. मला तरी तिसरी शक्यता दिसत नाही.

पाणपोई

दगडफूल, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

आमचा अनुभव मधुमेहाचा आहे. बाबा ग्लिमेपिराइड घेतात. त्यांच्या मित्राने गुडमारच्या पानांचं चूर्ण दिलं, बाबांनी कुणाला न सांगता सुरू केलं, वर शुगर उतरतेय म्हणून खूश. एका रात्री आईने उठवलं. बाबा पलंगावर बसलेले, सदरा पिळून काढावा इतका ओला, हात थरथरतायत आणि मला माझ्या काकाच्या नावाने हाक मारतायत. ग्लुकोमीटरवर ४८. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी ७० च्या वर आली तेव्हा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटात ते चूर्ण सापडलं.

त्या चूर्णानेच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, त्या रात्री ते नीट जेवलेही नव्हते. पण शुगर उतरवणाऱ्या गोळीवर शुगर उतरवणारं दुसरं काही घेतोय, हे डॉक्टरांना माहीत असतं तर गोळीचा डोस तरी बघितला असता ना? 'झाडपाल्याचा परिणाम होतो' यावर ज्यांचा विश्वास असतो त्यांनाच 'झाडपाल्याचा अपाय होत नाही' हेही कसं पटतं, ते मला कळत नाही.

सडेतोड

सगळे मिळून झाडांच्या मागे लागलेत. खरी गोष्ट कुणी बोलत नाही. झाडाचं पेटंट मिळत नाही म्हणून औषध कंपन्या हे दाबून ठेवतात. कॅन्सरवर स्वस्तातला उपाय निघाला तर त्यांचं दुकान कसं चालणार?

कोरा_कागद

सडेतोड, मी औषधशास्त्र शिकवतो, हा प्रश्न दर वर्षी वर्गात येतो. दाबून ठेवलं असतं तर निंबोणीताईंच्या मावशीला पॅक्लिटॅक्सेल मिळालंच नसतं, कारण तेही झाडाचंच! पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल १९६२ मध्ये अमेरिकी सरकारच्या शोधमोहिमेत गोळा झाली. मन्‍रो वॉल आणि भारतात जन्मलेले मनसुख वाणी यांनी त्यातला रेणू वेगळा काढून १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं की सदाफुलीच्या औषधांच्या बरोब्बर उलट काम तो करतो. पेशी दुभंगताना आत नळ्यांची परांची उभी राहते आणि काम झालं की मोडते. विनब्लास्टिन ती उभीच राहू देत नाही, पॅक्लिटॅक्सेल ती मोडू देत नाही. दोन्हीकडून पेशी अडकते आणि मरते. १९९२ मध्ये मान्यता मिळाली. आणि पुढे जगात सर्वाधिक खपलेल्या कॅन्सरच्या औषधांत ते जाऊन बसलं. झाडावर कंपन्यांनी भरपूर कमावलंय हो, उलट तक्रार तीच असायला हवी.

मधली अडचण मात्र खरीखुरी होती. सालीत हा रेणू इतका कमी की किलोभर औषधासाठी काही हजार झाडं सोलावी लागली असती, आणि साल सोलली की झाड मरतं. शेवटी युरोपातल्या यूच्या सुयांसारख्या पानांतून त्याचा अर्धा बनलेला भाऊ सापडला, त्यावर प्रयोगशाळेत उरलेला भाग जोडायचं तंत्र बसलं आणि झाडं वाचली. पानं तोडली तर पुन्हा येतात.

मधुमेहाचंही तेच. मेटफॉर्मिनचा पूर्वज म्हणजे गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाचं युरोपातलं झुडूप. ते चरून मेंढ्या मरत. त्यातलं गॅलेजीन १९२० च्या दशकात मधुमेहींना देऊन पाहिलं, साखर उतरली पण विषारीपणामुळे सोडून द्यावं लागलं. मेटफॉर्मिन त्याच घराण्यातलं, पण प्रयोगशाळेत १९२२ मध्ये बनवलेलं, आणि मधुमेहावर माणसांना दिल्याचा जाँ स्टर्न यांचा अहवाल आला १९५७ मध्ये. त्याच कुळातलं फेनफॉर्मिन १९७० च्या दशकात रक्तातलं लॅक्टिक आम्ल वाढून माणसं दगावायला लागल्यावर मागे घेतलं गेलं. म्हणजे एकाच मुळावरून तीन रेणू. एक टाकाऊ, एक घातक आणि एक असा की जग आज त्यावर चाललंय. झुडूप वाळवून कॅप्सूलमध्ये भरलं असतं तर यातलं काय मिळालं असतं, सांगा.

आणखी एक, ज्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. हल्लीच्या 'लघवीतून साखर घालवणाऱ्या' गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन वगैरे, त्यांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे. १८३५ मध्ये त्यातून फ्लोरिझिन काढलं, १८८६ मध्ये फॉन मेरिंग यांनी पाहिलं की ते दिल्यावर लघवीतून साखर जाते. पण पोटातून ते धड शोषलं जात नाही, आतड्यातच त्याचे तुकडे होतात. युरोपात पहिली गोळी मान्य झाली २०१२ मध्ये. सव्वाशे वर्षं गेली त्या एका रेणूला गिळण्याजोगा करण्यात.

सडेतोड

माहितीबद्दल धन्यवाद. पण मग अख्ख्या झाडात जे संतुलन असतं ते तुम्ही एक रेणू काढून घालवलंत ना? साइड इफेक्ट त्यामुळेच होतात.

खलबत्ता

मी वैद्य आहे, वीस वर्षं प्रॅक्टिस करते. दोन्ही बाजूंचं वाचून बोलावंसं वाटलं.

सडेतोड, तुम्ही जे 'संतुलन' म्हणताय ते बाटलीवर '१२ वनस्पती' लिहून येत नाही. आमच्याकडे प्रमेहाचे, म्हणजे लघवीच्या विकारांचे, २० प्रकार सांगितलेत, १० कफाचे, ६ पित्ताचे, ४ वाताचे. मधुमेह त्यातला एक, तोही वाताचा, साध्य न होणारा म्हणून सांगितलेला. स्थूल रुग्णाला आणि कृश रुग्णाला उपचार वेगळे. मग सगळ्यांना एकच कॅप्सूल हे कोणत्या संहितेत बसतं? शास्त्राचं नाव आमचं आणि धंदा भलत्याचाच.

दुसरं, वनस्पतीची ओळख. 'शंखपुष्पी' म्हणून वेगवेगळ्या भागांत तीन वेगवेगळ्या वनस्पती देतात. 'रास्ना'चंही तसंच. मी कच्चा माल फोडून, वास घेऊन, चव बघून घेते. पूड झालेली असेल तर मलाही सांगता येणार नाही. बेल्जियममधलं प्रकरण आठवा. १९९० च्या सुमारास वजन उतरवण्याच्या कॅप्सूलमध्ये एका चिनी मुळीऐवजी नावाने जवळची दुसरी, अ‍ॅरिस्टोलोकिया जातीची मुळी पडली. शंभरावर स्त्रियांची मूत्रपिंडं बिघडली आणि त्यांतल्या अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. कॅन्सर *देणारं* झाड आहे ते, आणि तेही पूर्ण नैसर्गिक.

गुळवेलीवरूनही मध्यंतरी मोठा वाद झाला. २०२१ पासून यकृताला सूज आलेल्या रुग्णांचे अहवाल येऊ लागले, तेव्हा आमच्यातले बरेच जण म्हणाले की वेल चुकीचा घेतला असेल. असेलही. पण मी तेव्हापासून आधीच यकृताचा किंवा स्वप्रतिकाराचा (ऑटोइम्यून) त्रास असलेल्यांना तो देताना दहादा विचार करते आणि लांबवत नाही. काही सहकारी यावर माझ्यावर नाराज आहेत, असू देत.

निंबोणी, केमो चालू असताना मी पोटात काहीही देत नाही. तोंड आलं तर गुळण्यांना काही सुचवते, तेही त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

वाटसरू_२२

खलबत्ताताई, मग माझं चूर्ण?

खलबत्ता

तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे, तपासण्या वेळेवर होतायत, गोळी त्यांनीच कमी केलीय. मला आक्षेप नाही. कारल्याचं प्रमाण मात्र वाढवू नका, आणि पोट बिघडलं तर थांबवा.

निंबोणी

एवढे सुंदर प्रतिसाद, धागा काढल्याचं सार्थक झालं. कुणीतरी मला खासगीत लिंक पाठवलीय, 'अमुक पानाच्या अर्काने ९० टक्के कॅन्सरपेशी नष्ट'. त्याबद्दल सगळ्यांसमोरच लिहिते, कारण असली टक्केवारी मीही काढलेली आहे.

प्लास्टिकच्या ताटलीत बोटाच्या पेरापेक्षा लहान ९६ खळगे असतात. प्रत्येकात पेशी वाढवायच्या, वरून अर्क घालायचा, दोन दिवसांनी एक पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. जांभळं जितकं कमी तितक्या पेशी मेल्या. आता गंमत बघा. वनस्पतीतली काही द्रव्यं स्वतःच त्या पिवळ्याचं जांभळं करतात, पेशी असोत नसोत. गडद अर्काचा स्वतःचा रंग मापात मिसळतो तो वेगळाच. माझ्या पहिल्या बॅचमध्ये पेशी न टाकलेले खळगेसुद्धा झकास जांभळे झाले होते. मॅडमनी बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "अभिनंदन, प्लास्टिक जिवंत आहे." तीन आठवडे पाण्यात.

आणि पेशी खरंच मेल्या तरी? तीव्र मिठाच्या पाण्यानेही मरतात. आपल्याला त्या मारायच्या आहेत आणि शेजारचं यकृत, अस्थिमज्जा, आतडं जगवायचं आहे. शिवाय तो रेणू गिळल्यावर रक्तात तेवढ्या प्रमाणात पोहोचायला हवा. मावशीच्या कर्क्युमिनचंच घ्या. २००१ च्या एका अभ्यासात माणसांना रोज ८ ग्रॅमपर्यंत शुद्ध कर्क्युमिन दिलं. हळदीत ते साधारण ३ टक्के, म्हणजे रोज पाव किलो हळद धरा. तरी रक्तात सरासरी २ मायक्रोमोलरच्या आतच राहिलं. ताटलीत पेशी मारायला सहसा त्याच्या कित्येक पट वापरतात. २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरच्या सगळ्या कामाचा आढावा घेतला. ते टिकत नाही, शोषलं जात नाही, आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना फसवतं, असा निष्कर्ष निघाला.

उंदरांचं गणितही करून बघा. मधुमेहाच्या पेपरात 'किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क' हा नेहमीचा डोस. उंदराचा डोस माणसाचा करताना ६.२ ने भागतात. ६० किलोच्या माणसाला जवळपास ४ ग्रॅम अर्क रोज. दहा ग्रॅम पानांतून एक ग्रॅम अर्क निघाला असं धरलं तर ४० ग्रॅम वाळकी पानं. बाटलीवरची ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसाला दोनदा घेऊन कुठे पोहोचणार? वर त्या उंदरांचा मधुमेह बहुतेक वेळा स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून, स्वादुपिंडातल्या पेशी जाळून केलेला असतो. पोट सुटून हळूहळू आलेला आपला टाइप २ हा प्रकारच वेगळा.

कोरा_कागद

निंबोणी, 'प्लास्टिक जिवंत आहे' हे मी वर्गात वापरणार, परवानगी गृहीत धरतो.

पिपरीनबद्दल जरा घाईने लिहितोय कारण ते महत्त्वाचं आहे. पिपरीनमुळे कर्क्युमिन जास्त शोषलं जातं हे खरं. पण कसं? कर्क्युमिन पटकन बाहेर फेकण्याची यकृत आणि आतड्याची यंत्रणा मंदावते म्हणून. त्या यंत्रणेतली काही विकरं (एन्झाइम) पॅक्लिटॅक्सेलही निकालात काढतात. दाराशी उभा असलेला राखणदार झोपवला तर कोण कोण आत येईल याचा नेम नाही. प्रत्यक्षात मावशींना किती फरक पडेल हे मी सांगू शकत नाही, पण केमोचा डोस मिलिग्रॅममध्ये मोजून देतात तो काही हौसेने नाही. उलट दिशेचंही उदाहरण आहे. नैराश्यावर घेतात त्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे इरिनोटेकान या केमोच्या औषधाच्या क्रियाशील रूपाचं रक्तातलं प्रमाण ४२ टक्क्यांनी घटलं होतं, २००२ चा अभ्यास. रुग्णाला वाटतं केमो लागू पडत नाही, आणि कारण भलतंच. बोर्टेझोमिब नावाच्या कॅन्सरच्या औषधाला ग्रीन टीतला ईजीसीजी हा रेणू थेट पकडून निकामी करतो, हे प्रयोगशाळेत दिसलंय.

आणि अर्क म्हणजे सगळंच टाकाऊ असंही कुणी समजू नका. ग्रीन टीचाच एक प्रमाणित अर्क २००६ मध्ये अमेरिकेत मान्य झाला, मात्र विशिष्ट चामखिळींवर लावायचं मलम म्हणून. तुतीच्या फांद्यांतल्या अल्कलॉइडांची गोळी चीनने २०२० मध्ये टाइप २ मधुमेहासाठी मान्य केली. पिष्टाचं साखरेत रूपांतर करणारं आतड्यातलं विकर ती अडवते. म्हणजे मिश्रण असून चालतं, पण प्रत्येक गोळीत काय आणि किती ते ठरलेलं असलं पाहिजे आणि माणसांवर चाचण्या झालेल्या असल्या पाहिजेत. दारुहळदीतल्या बर्बेरीनचं २००८ मधलं काम आशादायक होतं, एचबीए१सी ९.५ वरून ७.५. पण रुग्ण किती, तर मेटफॉर्मिनशी केलेल्या त्या तुलनेत एकूण ३६.

दगडफूल

अवांतर: गुडमारचं ताजं पान कुणी चावून बघितलंय का? कडवट लागतं, मिनिटभर तोंडात घोळवा आणि मग साखर जिभेवर टाका. वाळू! अक्षरशः कचकच, गोडी शून्य. जिम्नेमिक आम्लं गोडाचे ग्राहक अडवतात. तासाभरात चव परत येते. 'साखर मारते' हे नाव बहुधा जिभेवरून पडलं असणार, रक्तावरून नाही.

पाणपोई

दगडफूल, पुढच्या वेळी बाबांकडे गेले की त्यांना हा प्रयोग दाखवणार.

ओलीसुकी

पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या मोठ्या दिरांनी ऑपरेशन नाकारून फक्त वनस्पतींवर आठ महिने काढले. आतड्याचा कॅन्सर होता, सुरुवातीचा. परत गेले तेव्हा यकृतात पसरला होता. याहून जास्त लिहवत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा अभ्यास आला होता, बऱ्या होण्याजोग्या कॅन्सरला फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ जणांचा. त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट होता, स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींहून जास्त. तो मी नंतर वाचला. मावशी केमो घेतायत, ते सोडू देऊ नका. बाटल्यांचं नंतर बघता येईल.

निंबोणी

ओलीसुकी, लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमचं शेवटचं वाक्य मी मनात धरूनच मावशीकडे गेले. भांडले नाही.

अपडेट देते. मी तिला सदाफुलीचा किस्सा सांगितला, नाणेफेकीपासून. तिला तो फार आवडला. मग म्हटलं, तुझी केमोसुद्धा झाडातलीच आहे, फक्त कुणीतरी ती मोजून ठेवलीय. यावर ती बराच वेळ सलाइनच्या हाताकडे बघत बसली. "मग हे आधी का नाही सांगितलं कुणी?" खरंच, का नाही सांगितलं?

बाटल्या पिशवीत घालून पुढच्या भेटीला नेल्या. डॉक्टर रागावले नाहीत. बाटल्यांवरची लेबलं त्यांनी मोबाइलवर मोठी करून वाचली, '१२ वनस्पतीं'वर हसले, आणि सगळ्या बंद करून यकृताची तपासणी सांगितली. एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) वरच्या मर्यादेच्या तिप्पट निघालं. बाटल्यांमुळे की केमोमुळे, ते सांगता येत नाही म्हणाले, केमोनेही वाढतं. एक आठवडा केमो पुढे ढकलली. काल पुन्हा तपासलं, खाली आलंय, मंगळवारपासून परत सुरू. साखरेसाठी तिच्या गोळीची वेळ बदलली, बाकी तेच.

खलबत्ता

चांगलं झालं. पुढचे दोन महिने यकृत तपासत राहायला सांगा.

वाटसरू_२२

मीही माझ्या चूर्णाची पुडी डॉक्टरांना दाखवली. त्यांनी विचारलं, एका चमच्यात कारलं किती? मला सांगता आलं नाही. :)

नवखा_९

धागा उशिरा वाचला, छान माहिती. आमच्या कुंडीत पांढरी आणि गुलाबी दोन्ही सदाफुली आहे. सासऱ्यांची शुगर २१० असते. कोणत्या रंगाची पानं जास्त गुणकारी, आणि उपाशीपोटी किती घ्यायची?

निंबोणी

नवखा, एकही नाही, कोणत्याही रंगाची. दगडफूल यांचा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचा, ती पानं टोचलेल्या उंदरांचं काय झालं ते. २१० उपाशीपोटीचं आहे की जेवणानंतरचं? एचबीए१सी शेवटचं कधी केलं? गोळ्या कोणत्या आहेत ते लिहून डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि घरात लहान मुलं असतील तर कुंडी जरा उंचावर ठेवा.